अँटिव्हायरस टाकू नये

"भाऊ, ह्याला अँटिव्हायरस खरंच लागतो का?"

भिवंडीत मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, वीस-बावीस वर्षं झाली. या काळात हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा घरी 'जेवलात का' हेही कुणी विचारलं नसेल. पूर्वी उत्तर तोंडपाठ होतं. कॅबिनेटचे स्क्रू काढता काढता, मान वर न करता मी सांगायचो, "काही गरज नाही हो. उगाच मशीन हळू चालतं. नको तिथं क्लिक करू नका म्हणजे झालं." समोरचा खूश व्हायचा, कारण त्याला हेच ऐकायचं असायचं. सर्व्हरचं विचारलं तर आणखीच सोपं होतं. "सर्व्हरवर बसतंय कोण? तिथं ना कोणी मेल उघडत, ना गाणी उतरवत. त्याला कशाला?"

हे उत्तर मी आता देत नाही. का देत नाही, ते बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बोलायचा माझा स्वभाव नाही. पण गेल्या वर्षी एका शुक्रवारी ते एका म्हातारीपुढं बोलावं लागलं, आणि एकदा बोललं की मग लिहायला काय जातं. म्हणून लिहितो.

टेमघरला एका यंत्रमागाच्या कारखान्यावर, लोखंडी जिन्यानं वर गेलं की दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत घर आणि पुढच्या खोलीत नक्षीचं काम. तिथले म्हातारे गृहस्थ साडीचे काठ, पदर, पडद्याच्या कापडावरच्या वेली, असलं काढायचे. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणायचो. नक्षीचा माग चालतो तो पुठ्ठ्याच्या कार्डांवर. कार्डाला जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो. भोक कुठं पाडायचं ते आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर लाल रंगानं भरून ठरवावं लागतं. बाबांनी उभ्या आयुष्यात तेवढंच केलं होतं. घरं भरली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या कागदांच्या गुंडाळ्या भिंतीला लागून छतापर्यंत रचलेल्या होत्या. बाबा एका फिरत्या खुर्चीवर बसलेले. ती खुर्ची हलली की कुईं करायची. खाली पंचवीस माग खडखडत असतानाही ती कुईं वेगळी ऐकू यायची. "पुढच्या वेळी तेल आणतो," मी म्हणालो. दरवेळी म्हणायचो. आणलं कधीच नाही.

कॉम्प्युटर घ्यायचं सुनेच्या डोक्यात आलं. मुलगा रिक्षा चालवायचा, त्याला नक्षीत रस नव्हता. ही मात्र लग्न होऊन आल्यापासून बाबांच्या खांद्यावरून कागदात बघत बसायची. बारावी झाली होती, पुढं शिकायचं मनात होतं. मी तीन मशीन लावून दिली. एक बाबांना, एक तिला आणि एक जुनं कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातल्याला आम्ही मोठ्या तोऱ्यात सर्व्हर म्हणायचो. सगळ्या नक्ष्या त्याच्यात ठेवायच्या आणि दोघांनी आपापल्या जागेवरून उघडायच्या, अशी सोय.

दोन वर्षं ती एकेक कागद स्कॅन करत होती. नुसतं स्कॅन करून भागत नाही. रंग फुटलेला असतो, घडीवर रेघ आलेली असते, म्हणून स्क्रीनवर पुन्हा घर न् घर तपासावं लागतं. नाव बाबा सांगायचे आणि ही टाइप करायची. शेलारची वाट. थोरलीचं लग्न. आडवा पाऊस. कोंबडा. रुसलेली. मी एकदा विचारलं, "बाबा, रुसलेली म्हणजे?" त्यांनी मागच्या खोलीकडं बोट केलं. आतून आवाज आला, "ऐकू येतं हां मला." अठराशेच्या वर नक्ष्या झाल्या होत्या.

आता अँटिव्हायरसचं. नक्षीचं जे सॉफ्टवेअर असतं ते महाग. त्याच्याबरोबर पेनड्राइव्हसारखा एक तुकडा येतो, तो लावल्याशिवाय ते उघडत नाही. बाजारात त्याची फोडलेली प्रत फिरते. तिच्यात एक छोटी फाइल असते, ती सॉफ्टवेअरला फसवते की तुकडा लावलेला आहे. मी जितकी नक्षीची दुकानं पाहिली, जवळजवळ सगळी त्या प्रतीवर चालायची. आणि अँटिव्हायरस टाकला की तो पहिल्यांदा ती छोटी फाइलच खायचा. मग फोन यायचा, "सॉफ्टवेअर उघडत नाही, लवकर या, मागवाला खाली उभा आहे." म्हणून आमच्यात एक रिवाजच पडला. सॉफ्टवेअर टाकायच्या आधी अँटिव्हायरस काढायचा, सिस्टीमचा स्वतःचा जो असतो तोही बंद करायचा, आणि कॅबिनेटवर पट्टी चिकटवायची. प्रत्येक मिस्त्रीची आपली पट्टी. माझी पांढरी, निळ्या मार्करनं लिहिलेली:

अँटिव्हायरस टाकू नये. टाकल्यास फोन करू नये.

खाली माझा नंबर. तिथं तिन्ही मशीनवर मीच चिकटवली, अंगठ्यानं घासून.

सुनेनं वाचलं आणि विचारलं, "पण दादा, खरा व्हायरस आला तर?"

"वहिनी, माझ्या परवानगीशिवाय भिवंडीत व्हायरस येत नाही."

बाबा खुर्चीसकट हसले. "हा नाक्यावरचा शिपाई हाय आपला. पावती फाडल्याबिगर सोडत न्हाय कुणाला."

बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क सर्व्हरला लावून दिली. ती म्हणाली, "रोज काढून कपाटात ठेवू का?" मी म्हणालो, "काढायची कशाला? लावूनच ठेवा, आपोआप होत राहील." आणि मग ते कागद. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मीच म्हणालो, आता सगळं आत आहे, हे कशाला? रद्दीवाल्याची हातगाडी मीच बोलावली. बाबांची बायको, त्यांना मी आई म्हणायचो, दारात उभी राहून म्हणाली, "राहू दे रं. कागद काय खातो?"

"जागा खातो, आई."

जिन्यावरून चार खेपा मी स्वतः उतरवल्या. म्हणजे अँटिव्हायरस, डिस्क, कागद, तिन्ही ठिकाणी हात माझाच होता. त्या दिवशी मात्र मला वाटलं होतं, आपण या घराचं केवढं काम केलं.

त्यानंतर वर्षभरानं असेल. सकाळी राहनाळला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं गेलो होतो. त्याची दोन मशीन विचित्र वागत होती, फाइली उघडत नव्हत्या. मी नेहमीसारखा माझा पेनड्राइव्ह लावला. माझी सगळी हत्यारं त्याच्यातच असायची. थोडं खटपटलो, मग म्हणालो, उद्या येऊन सगळं पुसून नवीन टाकतो. तिथून निघालो तोच टेमघरहून फोन, प्रिंटर चालत नाही. वाटेवरच होतं. वर गेलो, सुनेच्या मशीनला तोच पेनड्राइव्ह लावला, प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकलं, चहा प्यालो, उतरलो. पाव तासाचं काम.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तिचाच फोन आला. "दादा, फाइली उघडत नाहीत."

तेच शब्द. मी गाडी काढली.

स्क्रीनवर सगळी नावं जागच्या जागी होती. शेलारची वाट, थोरलीचं लग्न, कोंबडा. फक्त प्रत्येक नावाला मागं कसल्याशा अक्षरांचं शेपूट लागलं होतं, आणि उघडायला गेलं की काही नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी: चावी हवी असेल तर पैसे भरा. मी सर्व्हरकडं वळलो. तिथंही तेच. सर्व्हरवर कोणी बसत नव्हतं, हे माझं म्हणणं खरंच होतं. बसायची गरजच पडली नाही. सुनेच्या मशीनवरून त्याचं दार उघडं होतं, मीच उघडं ठेवलं होतं, आणि त्या दारातून आत जाऊन एकेक फाइल कुलूपबंद झाली. सर्व्हरला लावूनच ठेवलेली डिस्कही त्यात गेली.

मला उभ्या उभ्या कळलं होतं. पण मनात एक 'कदाचित' शिल्लक होतं, आणि माणूस त्याला धरून काय काय करतो. मी मागं वळून विचारलं, "कोणी काही उतरवलं होतं का ह्याच्यावर?"

घरातली तिघं होती. बाबा, आई आणि सून. तिघं एकमेकांकडं बघू लागली. सून म्हणाली, "मी परवा परीक्षेचा फॉर्म भरला होता. कॉलेजचा. बाकी काही नाही."

बाबा तिच्याकडं बघत राहिले. "फॉर्म भरायला ह्यो पेटारा व्हता व्हय?"

"बाबा, फॉर्मनं असं नाही होत." मग ती माझ्याकडं वळली. "दादा, अँटिव्हायरस नव्हता म्हणून झालं ना हे? तुम्हीच पट्टी लावलीत ना, टाकू नका म्हणून?"

सगळे माझ्याकडं बघत होते. खाली माग चालू होते. मी म्हणालो,

"त्याचा ह्याच्याशी संबंध नसतो, वहिनी."

एवढंच. ती चूक तिची आहे असं मी म्हणालो नाही. म्हणायची गरजच राहिली नाही. बाबांनी तिला सांगितलं, "सोताचं झाकायला दुसऱ्यावर ढकलू नको. तो बिचारा धावत आलाय." आई ओरडली, "दोन बुकं शिकली तं घर पेटवलं हिनं." सुनेनं मशीनवरचा हात काढून घेतला, फक्त एवढं मी पाहिलं. डोळ्यांकडं नाही पाहिलं.

मी तिथून दुकानात आलो. माझ्या स्वतःच्या मशीनवर अँटिव्हायरस होता. विकतचा, दरवर्षी भरलेला. लोकांना नको सांगणारा मी स्वतः तो ठेवून होतो, ह्याचं तेव्हा मला काही वाटायचं नाही. खिशातला पेनड्राइव्ह लावला. दोन सेकंदांत लाल चौकट आली: धोका आढळला. आवाजही आला, टिंग. 'कदाचित' तिथं संपलं. माझ्या परवानगीशिवाय भिवंडीत येत नाही, असं मी म्हणालो होतो. माझ्याच खिशातून आला होता.

मी उलट टेमघरला जायला हवं होतं. जिना चढून दोन वाक्यं बोलायची होती. आज नको, उद्या, असं करत आठवडा गेला. आठवडा गेल्यावर बोलणं आणखी अवघड होतं, कारण मग आठवडाभर का गप्प बसलास, तेही सांगावं लागतं. महिना गेल्यावर महिन्याचं. असं ते वाढत गेलं.

गेलो तो मशीन साफ करायला. फाइली परत येणार नाहीत म्हणून सांगितलं. त्याआधी त्या कुलूपबंद फाइलींची एक प्रत मी गुपचूप माझ्या डिस्कवर काढून घेतली. अशा कुलपांच्या चाव्या कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी सापडतात, तपास करणारी माणसं त्या फुकट उघड करतात, हे मला ठाऊक होतं. बाबांनी मात्र त्या सगळ्या फाइली आहेत तशा त्यांच्या मशीनवर ठेवायला लावल्या. "नावं तरी राहू दे."

नंतर मी जेव्हा केव्हा तिकडं गेलो, बाबा त्या यादीपुढं बसलेले असायचे. कुईं करून वळायचे. "नावं दिसतात रं. मंग चित्र का दिसत न्हाय?" एकदा नवा कागद घेऊन त्यांनी कोंबडा पुन्हा काढायला घेतला. तुरा झाला. मग लाल रंग घराबाहेर गेला. त्यांनी ब्रश ठेवून दिला. "डोळे मिटले की दिसतो. उघडले की जातो."

सुनेला मशीनला हात लावायची बंदी होती. तिनं ती परीक्षा दिली नाही. नक्षीचा धंदा बसला तशी ती राहनाळच्या गोदामात माल मोजायला जाऊ लागली.

बाबा दीड-एक वर्षानं गेले. त्याच्या काही दिवस आधी मी भेटायला गेलो होतो. खाटेवर होते. सून औषध देऊन आत गेली. बाबा माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "पोर गुणाची हाय. पण तिनं हात लावायला नको व्हता." मनगट त्यांच्या हातात होतं. तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथं सांगून झालं असतं. मी म्हणालो, "तुम्ही आराम करा, बाबा."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाबांचा फोटो ठेवला होता. लोक उठून दोन-दोन शब्द बोलत होते. कुणीतरी मलाही म्हणालं, "तुमचा एवढा घरोबा, बोला ना." मी मान हलवून नाही म्हणालो. लोकांना वाटलं, भरून आलं असेल.

त्यानंतर दर रविवारी सकाळी एक काम मला लागूनच गेलं. कपाटातून ती डिस्क काढायची, चाव्या जिथं जाहीर होतात तिथं बघायचं, नवीन काही आली असेल तर लावून बघायची. बायको म्हणायची, "कुणाची एवढी हार्डडिस्क दुरुस्त करताय?" मी म्हणायचो, गिऱ्हाइकाची. एकही चावी लागली नाही. मात्र यादी उघडल्यावर मी बंद करू शकायचो नाही. वरपासून खालपर्यंत वाचायचो. कधी कधी तर दुकानात दुसऱ्याच कुणाच्या मशीनवर फाइलींची यादी उघडली, की एखाद्या ओळीत मला 'रुसलेली' दिसायची. पुन्हा बघितलं की नसायची.

गेल्या वर्षी राहनाळच्या एका गोदामातून बोलावणं आलं. मोठं गोदाम, आत पाच-सहा डेस्कटॉप आणि एका काचेच्या खोलीत सर्व्हर. मॅनेजर मोकळा माणूस. मला खुर्ची देऊन म्हणाला, "भाई, वो कंपनीवाला बोलता है सब पे अँटिव्हायरस डालो, सर्व्हर पे भी. सच में लगता है क्या? के बस बिल बनाने का धंदा है?"

माझं जुनं उत्तर जिभेवर आलंच होतं, इतक्या वर्षांची सवय. तेवढ्यात त्याच्या मागच्या टेबलावरून मराठीत आवाज आला.

"सांगा ना दादा. लागतो की नाही?"

ती होती. केस थोडे पिकलेले, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र. मालाची सगळी नोंद आता तिच्या हाताखाली होती, ते मॅनेजरच्या बोलण्यातून नंतर कळलं. मी कसाबसा म्हणालो, "लागतो."

"डेस्कटॉपला की सर्व्हरला?"

"दोन्हीला."

"सर्व्हरवर तर कोणी बसत नाही."

"बसावं लागत नाही, वहिनी. डेस्कटॉपवरून त्याच्यात जाता येतं."

"आणि तो लावला की झालं?"

"नाही. तोही चुकतो. नवीन काही आलं तर त्याला ओळखता येत नाही. सिस्टीम वेळच्या वेळी अपडेट करायची. ज्याला जेवढं लागतं तेवढंच दार उघडं ठेवायचं. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून वेगळी ठेवायची. फोडलेलं सॉफ्टवेअर टाकायचं नाही. आणि बाहेरच्या माणसाचा पेनड्राइव्ह..."

"बाहेरच्या माणसाचा पेनड्राइव्ह?"

"लावू द्यायचा नाही."

मॅनेजर आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. "अरे मॅडम, आप तो इंटरव्ह्यू ले रहे हो इनका."

"पुरानी पहचान है, सर," ती म्हणाली.

काम आटपून मी बाहेर आलो. आवारात कंटेनर लागलेले, उन्हात पत्रा तापलेला. मी गाडीपाशी थांबून राहिलो. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली तेव्हा मी सगळं सांगितलं. ट्रान्सपोर्टवाला, पेनड्राइव्ह, दुकानातली लाल चौकट. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिनं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला माहीत आहे, दादा. इथं कामाला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात कळलं. त्यांनी आम्हाला सगळ्यांना बसवून शिकवलं होतं, पेनड्राइव्हमधून काय काय येतं ते. आदल्या दिवशी आमच्याकडं पेनड्राइव्ह फक्त तुमचाच लागला होता."

"मग तुम्ही घरी..."

"कुणाला सांगू? एकदा सांगितलं होतं ना तुमच्यासमोर. तुम्ही काय म्हणालात, आठवतं का?"

मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तिनं ते म्हणायला लावलं नाही.

"आई अजून म्हणतात. पाहुणे आले की हमखास. 'बाबांचं काम हिच्या हातून गेलं.' रागानं नाही म्हणत आता, सवयीनं. माझ्या पोरींनी मोबाइल घेतला तरी म्हणतात, तुमच्या आईसारखं करू नका." ती जायला वळली. "मला सांगून काय उपयोग? आईंना सांगा. शुक्रवारी या. माझी सुट्टी असते. माग बंद असतात, त्यांना नीट ऐकू येतं."

शुक्रवारी गेलो. ती डिस्क पिशवीत घेतली होती. जिन्यावर चढताना माझ्याच पावलांचा आवाज मला आला. माग बंद असले की टेमघर ओळखू येत नाही. वर बाबांची खोली तशीच होती, फक्त दोन मशीन विकून टाकलेली. बाबांचं ठेवलं होतं. त्यावर पडद्याच्या कापडाचं झाकण, त्यांच्याच वेलीच्या नक्षीचं. समोर ती खुर्ची.

आई पलंगावर बसली होती. मला बघून खूश झाली. "ये रं बाबा. किती दिवसांनी. वाळलास." मग सवयीप्रमाणं, "आमचं म्हातारं असतं तं... काय सांगू. ह्या पोरीच्या हातनं..."

"आई," सून म्हणाली, "दादांना काहीतरी बोलायचंय."

मी येताना वाक्यं तयार केली होती. व्हायरस म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, तिला समजेल असं. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणालो, "आई, ते वहिनींच्या हातून नव्हतं गेलं. माझ्या हातून गेलं."

तिला ऐकू आलं होतं, पण अर्थ लागला नाही. "तू तं दुरुस्त कराया आलेला."

"आदल्या दिवशी मीच आणलं, आई. माझ्या खिशातून आलं. बाहेरून आलेलं अडवणारं एक असतं, ते मीच काढून ठेवलं होतं. वहिनींनी तेव्हा विचारलं, तर मी नाही म्हणालो."

ती उठली, भिंत धरून मशीनपाशी गेली आणि झाकण वर केलं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला माझी पांढरी पट्टी. कडा काळवंडलेल्या, निळी अक्षरं फिकी पण शाबूत. तिनं तिच्यावर बोट ठेवलं.

"ह्ये मी रोज पुसते. म्हातारं म्हणायचं, ह्याला हात लावू नको, मिस्त्रीचं हाय. मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय?"

सून दारात उभी होती. तिला वाचता येत होतं, पण आईनं तिला विचारलं नव्हतं.

मी वाचलं. "अँटिव्हायरस टाकू नये. टाकल्यास फोन करू नये."

"अँटिव्हायरस म्हंजे तेच, अडवणारं?"

"हो."

"आन लिवलंय कुणी?"

"मी."

तिनं पट्टीवरचं बोट काढलं आणि पदराला पुसलं. "ही घरची व्हती म्हणून हिला बोलले. एवढी वर्सं. तुला काय बोलू? तू कोण आमचा?"

मी पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली. सुनेला सांगितलं, फाइली ह्यात आहेत, बंदच आहेत, चाव्या कुठं शोधायच्या ते कागदावर लिहून दिलंय. तिनं कागद वाचला, त्याची घडी केली. "मी बघत जाईन," म्हणाली. म्हणजे रविवारचं तेवढं कामही माझ्याकडून गेलं.

"जा तू आता," आई मला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकान बंद करायची वेळ झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगतात तसं. मी दारात चपला घालत होतो तेव्हा ती सुनेकडं वळली आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर थापटून म्हणाली,

"बस हितं."

सून जागची हलली नाही. "राहू द्या, आई."

"बस म्हणते ना."

मी जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर थांबलो. माग बंद, सगळं शांत, आणि त्या खुर्चीला कुणी कधीच तेल घातलेलं नसणार, हे मला ठाऊक होतं. ती बसली असती तर मला ऐकू आलं असतं. गरम कठडा धरून मी उभा राहिलो. खालून शेजारची एक बाई पाण्याचा हंडा घेऊन आली, तिला वाट द्यायला अंग चोरलं, ती वर निघून गेली. वरून भांड्याचा आवाज आला. मग पुन्हा काही नाही.

कुईं ऐकू आली नाही. मी खाली उतरून गाडी चालू केली.